मीठ एका हद्दीपुढे पाण्यात का विरघळत नाही? (तोरं, गावठी मीठ आणि तळाचा गाळ)

बाजारवाली_म्हापसा

नमस्कार मंडळी. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) गडबड चालू आहे आणि आज चेपणीची तोरं (मिठाच्या पाण्यात मुरवायच्या कोवळ्या कैऱ्या) घालायला बसले. सासूबाईंची रीत अशी: पाणी उकळायचं, त्यात गावठी मीठ घालत जायचं, पाणी ‘पुरे’ म्हणेपर्यंत. मग गार करून गाळायचं आणि बरणीत तोरांवर ओतायचं, वर दगड ठेवायचा. तोरं वर्षभर टिकतात, त्यामुळे रीतीबद्दल शंका नाही. शंका मिठाबद्दल आहे.

साखरेचा पाक करताना वाटीभर पाण्यात दोन वाट्या साखर बिनबोभाट जाते. मीठ मात्र अर्धी वाटीसुद्धा जात नाही. गॅस मोठा केला, ढवळत राहिले, तरी तळाला मीठ ते मीठच. बरं, उकळत्या पाण्यात जेवढं गेलं होतं त्यातलंही थोडंसं गार झाल्यावर पुन्हा खाली आलं. बारीक, चौकोनी, चमकणारे कण. अगदी थोडे, पण दिसण्याइतके.

आणि तिसरी गोष्ट. पातेल्याच्या बुडाशी करड्या-पांढऱ्या रंगाचा गाळ राहिला. तो मीठ असेल म्हणून वेगळा काढून त्यावर गोडं पाणी घातलं, ढवळलं, पुन्हा बदललं. जायचं नाव नाही. बोटाला कचकच लागतो आणि खारटही नाही. हे काय आहे? तोरांत गेलं तर चालेल का?

डिचोली_किचन

पाणी नीट तापलं नसेल. खळखळून उकळी येऊ द्या, मग मीठ घाला. गरम पाण्यात सगळंच जास्त विरघळतं.

आगरातला_मास्तर

ताई, तुमचं पाणी पुरेसं तापलं होतं. गॅस आणखी अर्धा तास ठेवला असता तरी मीठ गेलं नसतं, उलट जास्तच खाली बसलं असतं. मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवायचो आणि आजोळचं आगर (मिठागर) पेडण्यात, आगरवाड्याला. त्यामुळे मिठाची ही सवय मी प्रयोगशाळेतही पाहिली आहे आणि वाफ्यातही. जरा सविस्तर लिहितो, कारण प्रश्न फार चांगला आहे.

आधी आकडे. १०० ग्रॅम पाणी घ्या. ० अंश सेल्सिअसला त्यात मीठ विरघळतं ३५.७ ग्रॅम. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला ३६ ग्रॅम. आणि १०० अंशाला, म्हणजे खळखळत्या उकळीत, ३९ ग्रॅम. बर्फगार पाण्यापासून उकळीपर्यंत जाऊन कमाई किती, तर जेमतेम साडेतीन ग्रॅम. साखरेचं बघा: ० अंशाला १७९ ग्रॅम, २० अंशाला २०४ आणि उकळीला ४८७ ग्रॅम. सोरा (पोटॅशियम नायट्रेट) तर याहून बेफाम, ० अंशाला १३ ग्रॅम आणि १०० अंशाला जवळपास २४७. या सगळ्यांत मीठ एकटं असं आहे की त्याला ऊन-थंडीचं फारसं काही वाटत नाही.

डिचोलीकर म्हणतात ते एका अर्थी खरं आहे. गरम पाण्यात मीठ *लवकर* विरघळतं, ढवळल्यावर आणखी लवकर. पण लवकर विरघळणं वेगळं आणि जास्त विरघळणं वेगळं. थंड पाण्यात तेच मीठ रात्रभर ठेवलं तर सकाळी जवळजवळ तितकंच विरघळलेलं सापडेल.

असं का? मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइडचे आयन (विद्युतभार असलेले कण) विरुद्ध भारांमुळे एकमेकांना घट्ट धरून असतात. ती पकड सोडवायला ऊर्जा लागते. सुटलेल्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. मिठाच्या बाबतीत हा खर्च आणि ही मिळकत जवळजवळ सारखी पडते, खर्च अगदी किंचित जास्त. म्हणून मीठ विरघळताना पाणी अंमळ गार होतं, आणि म्हणूनच बाहेरून उष्णता दिली तर विद्राव्यता (किती विरघळू शकतं ते प्रमाण) वाढते, पण अंमळच. ज्या पदार्थाला विरघळताना भरपूर उष्णता ओढून घ्यावी लागते, उदाहरणार्थ सोरा, त्याला गरम पाण्याचा मोठा फायदा मिळतो.

आता तुमच्या चौकोनी कणांचा हिशेब. एक लिटर उकळतं पाणी ३९० ग्रॅम मीठ पोटात घेतं. गार झाल्यावर त्याला ३६० ग्रॅमच धरता येतं. उरलेले ३० ग्रॅम बाहेर येणार, म्हणजे दोन मोठे चमचे. तुम्ही ‘अगदी थोडे’ म्हणालात ते बरोबर जुळतं. पण याहून मोठा वाटा वाफेचा आहे. उकळताना त्या लिटरातलं १०० मिली पाणी जरी उडून गेलं, तरी तेवढ्यानेच आणखी ३६ ग्रॅम मीठ बेघर होतं. म्हणून म्हटलं, गॅस चालू ठेवला असता तर तळाचं मीठ वाढलंच असतं.

मिठाला पाण्याबाहेर काढायचं तर थंड करून भागत नाही, पाणीच घालवावं लागतं. गोव्यातलं प्रत्येक आगर या एका गोष्टीवर उभं आहे.

गाळाबद्दल नंतर लिहितो. मला वाटतं तो जिप्सम आहे. पण आधी सांगा, लिंबू पिळल्यावर त्याला फेस येतो का?

बाजारवाली_म्हापसा

मास्तर, खूप आभार. लिंबू पिळून बघितलं. एक-दोन ठिकाणी बारीक बुडबुडे आले आणि थांबले, बाकी सगळा गाळ जसाच्या तसा. आणि आता एक नवीनच काळजी. तळाला राहिलेलं न विरघळलेलं मीठ मी गाळून बाजूला काढलं. ते बरणीत घालायचं की नाही?

आगरातला_मास्तर

जरूर घाला! ही तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोवळ्या तोरात बहुतांश पाणीच असतं आणि मिठाच्या पाण्यात पडलं की तोर ते पाणी सोडू लागतं, म्हणून तर त्याला सुरकुत्या पडतात. ते सुटलेलं पाणी तुमच्या खाऱ्या पाण्यात मिसळतं आणि त्याला पातळ करतं. तळाला मीठ शिल्लक असेल तर जेवढं पाणी वाढलं त्या हिशेबात मीठ आपोआप विरघळतं आणि खारटपणा परत काठोकाठ येतो. तळ रिकामा असेल तर भरपाई करायला कोणी नाही. मग काही आठवड्यांनी वर पांढरी बुरशी दिसते आणि आपण बरणीला दोष देतो. तुमच्या सासूबाईंच्या रीतीतलं ‘पुरे म्हणेपर्यंत’ तिथवरच न थांबता वर आणखी एक मूठ घालण्याइतकं ताणा.

पाणी मिठाने पूर्ण भरलं, आणखी घेईना, की तळाचं मीठ स्वस्थ पडलेलं दिसतं, पण ते स्वस्थ नसतं. खड्यावरून आयन सुटून पाण्यात जात असतात आणि पाण्यातले तितकेच खड्यावर येऊन बसत असतात, दोन्हींचा वेग सारखा, एवढंच. वर्षभराने बरणीच्या तळाचे खडे बाहेर काढून बघा. घातले होते तेव्हा झिजलेले, गोलसर होते. आता कडा सरळ आणि कोपरे धारदार झालेले दिसतील. मला हे बघायला आजही आवडतं.

आता गाळ. बुडबुडे आले ते शिंपल्यांच्या चुऱ्याचे किंवा पाण्यातूनच खाली बसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचे. फेस न येता कचकच करणारा मोठा भाग जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्यात थोडी आगराची माती. साध्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट लिटरला फक्त १३ ते १५ मिलिग्रॅम विरघळतं. जिप्सम लिटरला सुमारे २.४ ग्रॅम. आणि मीठ ३६० ग्रॅम. म्हणजे मिठाच्या मानाने जिप्सम दीडशे पटींनी कंजूष आहे. तुम्ही त्यावर वाटीभर पाणी घातलं असेल तर त्यात अर्धा ग्रॅम सुद्धा गेलं नसेल, आणि तेही बराच वेळ ढवळल्यावर. चमचाभर जिप्सम घालवायचं तर दोन लिटरहून जास्त गोडं पाणी आणि भरपूर सबुरी हवी. गरम पाण्याचाही उपयोग नाही. सुमारे ४० अंशांच्या पुढे त्याची विद्राव्यता वाढायच्या ऐवजी घटू लागते.

जिप्सम विषारी नाही. घरांच्या छतांना जे पीओपी करतात ते हेच, भट्टीत तापवून त्यातलं बरंचसं पाणी घालवलेलं. पण सोबत माती असते आणि दाताखाली येतं, म्हणून तोरांच्या पाण्यात नको. पाणी निवू द्या, न ढवळता वरचं अलगद ओतून घ्या आणि फडक्याने गाळा. मीठ जड खड्यांचं असतं, गाळ बारीक असतो, त्यामुळे वेगळे करता येतात.

खाजनकाठ

मास्तरांनी आगराचं नाव काढलं म्हणून लिहितो. आमचं घर बार्देशातलं, वडिलांनी उभी हयात आगरात काढली, मी अजून दोन वाफे धरून आहे. मुलं म्हणतात सोडून दे, पण जमत नाही.

पावसाळ्यात नदीचं पाणी गोडं असतं, ते आमच्या काही कामाचं नाही. पाऊस सरला, नदीला खार चढला की वाफ्यांतला चिखल काढायचा, तळ पायाने आणि लाकडाने चोपून दगडासारखा घट्ट करायचा. मग भरतीला मानस (बांधातलं पाण्याचं दार) उघडून पाणी आत घ्यायचं. पहिल्या मोठ्या वाफ्यात ते नुसतं उन्हात पडून राहतं. तिथून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. आधीच्या वाफ्यांच्या तळाला तो करडा खर बसतो आणि तो मीठ नाही हे आम्हाला लहानपणापासून माहीत. तिथलं खरवडून कोणी विकत नाही. मीठ धरतं ते शेवटच्या लहान वाफ्यांत.

ते धरतं कसं ते सांगतो. दुपारी वारा पडला की पाण्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा येतो. जवळ बसून बघितलं तर तो एकसंध नसतो, बारीक चौकोनी ताटल्या असतात, मध्ये खोलगट, काठ वर आलेले, पाण्यावर तरंगणाऱ्या. काठाला काठ चिकटून मोठ्या होत जातात. वाऱ्याची झुळूक आली किंवा वजन झालं की उलटतात आणि बुडतात. खाली पडलेली प्रत्येक ताटली पुढच्या खड्याचं बी. संध्याकाळी फळीने हलक्या हाताने ओढून बांधावर ढीग करायचा. जोरात ओढलं तर तळाची माती वर येते आणि मीठ काळं पडतं. ही ओढ शिकायलाच काही हंगाम जातात.

आगरातला_मास्तर

खाजनकाठ, फार छान लिहिलंत. त्याच्यामागचा हिशेब जोडतो.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं खाण्याचं मीठ सुमारे २७ ग्रॅम. बाकी मॅग्नेशियमचे, कॅल्शियमचे, पोटॅशियमचे क्षार. पाणी उडत गेलं की ज्याची विद्राव्यता कमी तो आधी हद्द गाठतो. दहा लिटर समुद्राचं पाणी पाच लिटरच्या आसपास आलं की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडू लागतं. आणखी आटून अडीच-तीन लिटर उरलं की जिप्सम. आणि मीठ थेट एक लिटरच्या आसपास. म्हणून वाफ्यांची ही रांग. आधीच्या वाफ्यांत पाण्याने जिप्सम टाकून द्यावं आणि शेवटच्या वाफ्यात शक्य तितकं निर्मळ मीठ यावं, यासाठीच ती आहे. कोणत्याही पुस्तकाशिवाय, नुसत्या नजरेने आणि जिभेने लोकांनी हे बसवलं. याचा मला मनापासून आदर वाटतो आणि वर्गात मी हे दर वर्षी सांगत असे, अभ्यासक्रमात नसलं तरी.

मीठ सगळ्यात शेवटी येत नाही, हे मात्र लक्षात घ्या. मॅग्नेशियम क्लोराइड त्याहून विरघळणारं आहे, १०० ग्रॅम पाण्यात ५४ ग्रॅमच्या पुढे. मीठ खाली बसत असताना ते पाण्यातच राहतं आणि पाणी कडू होत जातं. ते कडू पाणी वेळेवर सोडून दिलं नाही तर मिठाच्या खड्यांत अडकतं. माझ्या मते आगरातलं खरं कौशल्य इथे आहे, मीठ ओढण्यात नाही. पाणी कुठवर आटवायचं आणि कधी टाकून द्यायचं.

खाजनकाठ

अगदी. वडील बोट बुडवून जिभेला लावायचे आणि सांगायचे, सोड. हाताला पाणी तेलकट लागलं की समजायचं. हव्यासापोटी आणखी दोन दिवस ठेवलं तर ढीग मोठा होतो पण मीठ रडतं, गोणी ओली होते आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

अवकाळी पावसाचं पण सांगा मास्तर, गेले काही हंगाम त्यानेच मारलं.

आगरातला_मास्तर

एक चौरस मीटर वाफा घ्या आणि नुसता १० मिलिमीटर पाऊस. ते झालं दहा लिटर गोडं पाणी. लिटरला ३६० ग्रॅम या दराने ते ३.६ किलो मीठ परत पोटात घेऊ शकतं. दर चौरस मीटरला! तासाभराच्या सरीत महिन्याची मेहनत जाते ती अशी. मिठाच्या भरलेल्या पाण्याची घनता १.२ असते, म्हणून पावसाचं पाणी आधी वर तरंगतं. वारा सुटून मिसळायच्या आत वरचा थर काढून देता आला तर बरंच वाचतं. ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार!

लॅब_वेर्णा

मी औषध कंपनीत क्रिस्टलायझेशनवर (द्रावणातून स्फटिक काढण्यावर) काम करते. मास्तरांच्या लिखाणात एक भर. जिप्समचे २.४ ग्रॅम हे साध्या पाण्यातले आहेत. खाऱ्या पाण्यात ते त्याहून बरंच जास्त विरघळतं, मध्यम खारट पाण्यात तर जवळपास तिप्पट. म्हणजे मिठाच्या पाण्यातून थोडं जिप्सम तुमच्या गाळणीतून निसटून बरणीत जाणारच. पाणी स्वच्छ दिसत असेल तर त्याची चिंता नको.

आणि ‘अंडं तरंगलं म्हणजे पाणी पुरेसं खारट’ ही कसोटी कोणी सांगेल, तर त्यावर विसंबू नका. ताजं अंडं साधारण १० ते १२ टक्के मिठालाच वर येतं. भरलेल्या पाण्यात मीठ वजनाने २६ टक्के असतं. अंडं दोन्हींत तरंगतं, फरक कळत नाही. तोरांसाठी खरी कसोटी एकच: तळाला खडे दिसले पाहिजेत.

बाजारवाली_म्हापसा

किती शिकायला मिळालं! सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारते. आमचं गावठी मीठ जूनमध्ये डब्यात अक्षरशः पाणी सोडतं. खाजनकाठ म्हणतात ते ‘रडणारं मीठ’ हेच का? घरच्या घरी सुधारता येतं?

लॅब_वेर्णा

हो, हेच. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली आर्द्रता सुमारे ३३ टक्के असली तरी ओलावा ओढून स्वतःच त्यात विरघळतं, आणि गोव्याची हवा तेवढी कोरडी क्वचितच असते. पण शुद्ध मीठसुद्धा ७५ टक्क्यांच्या वर ओलं होतंच. जून-जुलैमध्ये आपल्याकडे हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे कितीही चांगलं मीठ आणलं तरी पावसाळ्यात झाकण घट्ट हवंच.

सुधारायचा उपाय मात्र आहे आणि तो विद्राव्यतेवरच चालतो. मीठ मिठाच्याच पाण्याने धुवा. एक लिटर पाण्यात ४०० ग्रॅम मीठ घालून ढवळा, तळाला थोडं शिल्लक राहिलं पाहिजे. हे पाणी आणखी मीठ घेऊ शकत नाही, पण मॅग्नेशियमच्या क्षारांना त्यात भरपूर जागा असते. गावठी मीठ परातीत घेऊन त्यावर हे पाणी ओता, हाताने चोळा, गढूळ झालेलं पाणी लगेच ओतून द्या. पुन्हा एकदा करा. खडे जवळजवळ तेवढेच राहतात, कडूपणा आणि बारीक गाळ निघून जातो. मग चाळणीत निथळवून कडक उन्हात वाळवा. मोठ्या मीठ-शुद्धीकरण कारखान्यांतही धुण्याचं तत्त्व हेच असतं. गोड्या पाण्याने धुतलंत तर धुणं कमी आणि गमावणं जास्त होईल.

हे मीठ तोरांना, सुक्या मासळीला वापरा. रोजच्या जेवणात आयोडीनचंच असू द्या, त्याला पर्याय नको.

खाजनकाठ

धुवायला बसण्याआधी घेतानाच बघून घ्या बाय. शुक्रवारच्या बाजारात गोणीत खोलवर हात घाला, वरचं मीठ उन्हाने वाळलेलं असतं आणि फसवतं. मूठभर घट्ट आवळा आणि सोडा. खडे मोकळे होऊन पडले तर घ्या. गोळा होऊन राहिले आणि तळहात चिकट-ओला झाला तर पुढच्या गोणीकडे जा. एक खडा जिभेवर ठेवा, खारट लागून संपला तर चांगला, मागे कडू चव राहिली तर नको. आणि विकणाऱ्याला विचारा मीठ कधीचं. मार्च-एप्रिलमध्ये ओढलेलं आणि ढिगावर महिनाभर निथळलेलं मीठ मागा. मे अखेरचं घाईत ओढलेलं नको. दोन पैसे जास्त सांगितले तर द्या.